एल्स्पेथचा विसार

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मला कुणाशी वाद घालायचा नाहीये. पण यातलं एक अक्षरही पदरचं नाही.

गेल्या वर्षीचा मे महिना. रविवारची भर दुपार. फाइफच्या किनाऱ्यावरची कार्नबेग इस्टेट.

तिथल्या मिठाच्या भट्ट्या बंद पडून दोनशे वर्षं झाली. आता नुसत्या पडक्या भिंती, आणि त्या पर्यटकांना दाखवणारी मी.

रोज घसा कोरडा करून सांगायचे, "मीठकामगार इथे जन्माचे बांधलेले असत. बाळाचा बाप्तिस्मा झाला की मुकादम विसार, म्हणजे करार पक्का करणारं नाणं, घेऊन यायचा. आईबापानं तो घेतला, की पोर मरेपर्यंत भट्टीचं. पळून गेलं आणि वर्ष आणि एक दिवसाच्या आत सापडलं, तर परत भट्टीवर."

त्या दिवशी आमच्या एल्स्पेथचा बाप्तिस्मा झाला. माझ्या धाकट्या बहिणीची, मोरवेनची लेक. तीन महिन्यांची.

चर्चमधून निघालो आणि समुद्रावरून धुकं आलं. मोरवेन बाबागाडी घेऊन पुढे. मी मागे, केकचा डबा सांभाळत.

भिंतींपाशी पोचले, आणि...

लाटांचा आवाज थांबला.

पक्षी नाहीत. वारा नाही. नुसता कोळशाच्या धुराचा वास.

"रविवारचं कोण जाळतंय गं?" मी ओरडले.

मोरवेन धुक्यात कुणाशी तरी बोलत होती. मी तिला गाठलं, तर...

ती एकटीच.

"काय गोड म्हातारा होता! नाव विचारलं, बाळाच्या मुठीत चांदीचं नाणं ठेवलं."

आमच्याकडे नव्या बाळाच्या हातात चांदी ठेवतातच. नाही म्हणणं अपशकुन. मला काहीच वाटलं नाही.

"सारखं विचारत होता, 'घेतलंस ना, पोरी?' म्हटलं, घेतलं हो आजोबा!"

डबा माझ्या हातून पडला.

"अगं बये! मी रोज बोंबलून काय सांगते, कधी ऐकलंस?"

"तुझं ते रटाळ पुराण? कोण ऐकतंय!"

मी पोरीची मूठ उघडली.

नाणं नव्हतं. तळव्यावर पांढरा थर होता. जिभेला लावून पाहिला.

मीठ.

दुसऱ्या दिवसापासून धुकं आलं की दाराबाहेर कुणीतरी तिचं नाव पुकारायचं. संपूर्ण नाव. हजेरी घ्यावी तसं. आणि पोर दाराकडे झेपावायची.

आठवड्यात गाशा गुंडाळला. ग्लासगोला आलो, तिसऱ्या मजल्यावर. इथे सगळं शांत. मोरवेन परत हसायला लागली. मी मात्र कॅलेंडरवर दिवस खोडत होते.

आज वर्ष झालं. फक्त उद्याचा दिवस निभावायचा होता.

दुपारी खिडकीबाहेर पांढरं झालं. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज बंद पडला. जिन्यात पावलं... आणि दाराबाहेर तिचं नाव.

मी मोरवेनच्या तोंडावर हात दाबला. श्वाससुद्धा घेतला नाही.

आमची एल्स्पेथ अजून 'आई'सुद्धा म्हणत नाही. तिनं दाराकडे पाहिलं. आणि खणखणीत आवाजात म्हणाली...

"हजर."