मागच्या दाढेपासून

धुळ्याच्या बसस्टँडासमोरच्या त्या हॉटेलात बेसिन एकच होतं, आणि त्या बेसिनपाशी एक माणूस बराच वेळ पाठ करून उभा होता. दिपमालाच्या टेबलावर भज्यांची प्लेट निवत चालली होती. ती मात्र ओठ घट्ट मिटून त्या पाठीकडे बघत बसली होती. निळा शर्ट, मानेवर घामाची ओली रेघ, आणि उजवा कोपर असा हलत होता, की हा माणूस तोंडात हात घालून काहीतरी शोधतोय असं वाटावं.

तो वळला. एक हात तोंडावर, दुसऱ्या हातात चपटी, गोल, पांढरी डबी.

दिपमालाने नकळत पर्स छातीशी धरली. अगदी तशीच डबी तिच्या पर्समध्ये होती.

दिपमाला जळगावची. केळीची रोपं काचेच्या बाटल्यांत वाढवणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती काम करायची. वय बत्तीस, बोलणं मोजकं, आणि उजवीकडचा एक सुळा लहानपणापासून रांग मोडून पुढे उभा राहिलेला. हसू आलं की तिचा हात आपोआप तोंडावर जायचा. पण प्रयोगशाळेत दोन्ही हात बाटल्यांत गुंतलेले असत. तेव्हा कुणी विनोद केला की ती नुसती नाकातून श्वास सोडायची. लोक म्हणायचे, मॅडम फार गंभीर आहेत. अखेर तिने अलाइनर लावून घ्यायचं ठरवलं. म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकचे पातळ साचे. दिवसरात्र दातांवर चढवून ठेवायचे, फक्त खाता-पिताना काढायचे, आणि दर पंधरवड्याला नवा जोड. दात हळूहळू, कुणाच्या नकळत, जागेवर येतात.

कुणाच्या नकळत, हे तिला सगळ्यात आवडलं होतं. या वयात दात सरळ करते म्हणजे लग्नासाठीच करते, असं आईसुद्धा म्हणाली असती. म्हणून डॉक्टर धुळ्याचे निवडले, आणि घरी कारण सांगितलं धुळ्याच्या आत्याचं. आपली भाची आपल्याला भेटायला इतकी येते, हे त्या आत्याला माहीत नव्हतं.

आज पहिला दिवस. साचे चढवून दोन तास झाले होते आणि आता ते काही केल्या निघत नव्हते. बेसिनच्या आरशासमोर तिने एका नखाने, मग दोन नखांनी, मग रुमाल धरून ओढून पाहिलं.

"मागच्या दाढेपासून सुरुवात करा," मागून आवाज आला. हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असा. "आतल्या बाजूने. पुढून ओढाल तर नख जाईल."

आरशात निळा शर्ट दिसत होता. चेहरा त्याने सभ्यपणे दुसरीकडे वळवला होता.

तिने मागच्या दाढेपासून, आतल्या बाजूने ओढलं. टक्... साचा निघाला, आणि त्याच्याबरोबर लाळेची एक लांब तार. आयुष्यात पहिल्यांदाच एका परक्या पुरुषासमोर तिच्या हनुवटीवरून लाळ लोंबत होती, आणि तो परका पुरुष शहाण्यासारखा छताच्या पंख्याकडे बघत होता.

"तुम्हाला कसं कळलं?" टेबलाशी आल्यावर तिने विचारलं.

"आपल्याकडचं माणूस गरम भजी मागवून त्यांच्याकडे नुसतं बघत बसलंय... दुसरं काय कारण असणार?"

त्याचं नाव योगराज. शिरपूरच्या एका कॉलेजात गणित शिकवायचा. शाळेत असताना कबड्डीत पुढचा एक दात पडला, उरलेल्यांनी त्या जागेत वाट्टेल तशी दाटी केली, आणि याला फळ्याकडे तोंड करून शिकवायची सवय लागली. साचे लागून त्याला दोन महिने झाले होते. सुरुवातीला 'स'चा 'श' होतो, म्हणाला. वर्गात 'समीकरण' म्हणायला गेलो, तेव्हापासून मागच्या बाकावरची पोरं मला शमीकरण शर म्हणतात.

दिपमाला हसली. हात तोंडावर गेला. त्याने ते पाहिलं आणि काहीच बोलला नाही. न बोललेलंच तिला जास्त आवडलं.

डॉक्टरांनी पुढची तारीख शनिवारची दिली. शिरपूरच्या माणसालाही शनिवारच सोयीचा होता, असं नंतर कळलं. आधी त्याची तारीख मंगळवारी असायची, हे त्याने बऱ्याच दिवसांनी कबूल केलं.

साच्यांनी तिचं जगणं बदललं. आधी ती दिवसात सहा वेळा चहा प्यायची. आता प्रत्येक चहासाठी साचे काढा, दात घासा, साचे चढवा. म्हणून चहा दोनवर आला आणि डोकं दुखायला लागलं. एकदा आईने कढीची चव बघायला तळहातावर दिली, हिने विसरून ओठांना लावली, आणि साचे पिवळेधमक झाले. तिने घाबरून योगराजला फोन केला.

"पिवळे झालेत. पार हळदीसारखे."

"हळद लागली म्हणायची," तो म्हणाला. मग स्वतःच घाईघाईने म्हणाला, "...कोमट पाण्यात ठेवा. गरम नको. वाकडे होतील."

तिला हाडांचं शास्त्र ठाऊक होतं. दात सरकतो तेव्हा हाड एका बाजूने विरतं आणि दुसऱ्या बाजूने नव्याने भरत येतं. रोज बघणाऱ्याला काही दिसत नाही. मग एक दिवस आरशात बघावं, तर दात हललेला असतो. एका शनिवारी पांझरेच्या पुलावरून चालताना योगराजने तिच्या हातातली जड पिशवी सहज आपल्याकडे घेतली, आणि दिपमालाला वाटलं, हललं. नक्की काहीतरी हललं.

"माझे शेवटचे साचे आता जवळ आले," तो कठड्याला टेकून म्हणाला. "ते संपले, की मला धुळ्याला यायला कारण उरणार नाही."

"मग?"

"मग दुसरं कारण शोधावं लागेल. जरा कायमचं... आणि चालणार असेल, तर थेट जळगावचं."

दिपमाला नदीकडे बघत राहिली. नदीत पाणी फार नव्हतं, पण बघायला तेवढं पुरलं.

"चालेल," ती म्हणाली. "पण घरी काय सांगायचं? बेसिनपाशी ओळख झाली?"

"घरी आपण काही सांगायचं नाही. घरच्यांनी आपल्याला सांगायचं."

त्याची मावशी धुळ्यात होती. त्याने मावशीला पटवलं, मावशीने जळगावला निरोप धाडला, आणि महिन्याभरात दिपमालाच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, तिला समोर बसवून सांगितलं, की शिरपूरचं एक चांगलं स्थळ आलंय, मुलगा प्राध्यापक आहे, बघून तर घे. दिपमालाने विचार करते असं सांगितलं आणि आत जाऊन उशीत तोंड खुपसून हसली.

रविवारी शिरपूरची मंडळी आली. योगराज, त्याची आई सुंदरबाई, आणि आजोबा तोताराम आबा. पांढरी टोपी, हातात काठी, आणि घरात शेवटचा शब्द त्यांचा. जळगावकडच्या काका-काकूंनी आणि शेजाऱ्यांनी खोली भरून गेली. दोघांना अनोळखी असल्याचं नाटक करायचं होतं, आणि ते त्यांना छान जमत होतं. जमलं नाही ते दुसरंच.

आदल्याच दिवशी दोघांनी नवे साचे चढवले होते. नवा साचा दातांना चिकटून बसतो, टक् असा आवाज करून लाळेसकट निघतो. योगराज हात धुवायला म्हणून उठला, तर काका टॉवेल घेऊन त्याच्याबरोबर बेसिनपर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. तो तसाच परत आला. समोर शेवया, लाडू, चहा. त्याने चहाचा कप हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. चहावर साय आली, सायीला सुरकुती पडली. दिपमालाच्या आईने दोनदा आग्रह केला. त्याने दोनदा ओठ मिटूनच मान हलवली.

पलीकडे दिपमालाचीही तीच गत होती. तिने त्याच्या कपाकडे पाहिलं, त्याने तिच्या बशीकडे, आणि दोघांना आतून असं हसू फुटलं, की दोघांनीही मान खाली घातली.

निघताना सुंदरबाईंनी तिच्या हातावर पेढा ठेवला. त्या घरांमध्ये मुलाच्या आईने दिलेला पेढा मुलीने तिथल्या तिथे तोंडात टाकला, की तिचा होकार धरतात. तोंडाने कुणी विचारत नाही. दिपमालाला हे माहीत होतं. पण पेढा साच्याखाली चिकटून बसेल, एवढाच विचार त्या क्षणी तिच्या मनात आला. ज्या प्रयोगाचा निष्कर्ष आधीच ठाऊक असतो, त्यात साधी काळजी घ्यायलाही माणूस विसरतो. "नंतर खाते," ती म्हणाली, आणि पेढा हातातच राहिला.

संध्याकाळी नाना पायरीवर बसून दिपमालाच्या आईला सांगत होते, की मुलगा भला आहे, पण त्याच्या मनात नव्हतं. घोटभर चहाही घेतला नाही त्याने, आपण कशाला मागे लागायचं. तिकडे शिरपूरला घरी पोचताच आबांनी काठी भिंतीला टेकवली आणि अहिराणीत निकाल दिला, "पोरना मनमां नही शे. पेढा तोंडमां टाकाच नही तिनी. जबरदस्ती करानी नही."

दुसऱ्या दिवशी दोन्ही घरांतून एकमेकांना अतिशय गोड शब्दांत नकार गेले.

"मी सांगून पाहिलं, मला पसंत आहे म्हणून," योगराज फोनवर म्हणाला. त्याचा आवाज पार बसला होता. "आबा म्हणाले, तुला पसंत असून काय उपयोग, पोरीवर दबाव येईल. आता मावशीला जामनेरचं एक स्थळ सुचलंय. येत्या रविवारी जायचं म्हणतात."

दिपमालाने फ्रीज उघडला. बशीत तो पेढा अजून होता. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत उभी राहिली. लोकांच्या नकळत दात सरळ होतात, हे खरं. बाकीचं काहीच लोकांच्या नकळत होत नाही.

ती नानांसमोर जाऊन बसली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. अलाइनर, धुळे, बेसिन, पूल. नाना ऐकत राहिले. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे आत्याकडे तू एकदाही गेली नाहीस?"

"नाही."

"तरीच. ती मला परवा म्हणाली, दिपमालाला विसरच पडला माझा."

शनिवारी बापलेक शिरपूरला जाऊन उभे राहिले. सुंदरबाई गडबडल्या, पण दारात आलेल्याला उपाशी पाठवणं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी शेवभाजी केली, भाकरी टाकल्या, आणि ताटं घेतली. योगराज समोर बसला होता. काय होणार आहे हे त्यालाही नीट माहीत नव्हतं. आबा ताटापाशी बसून बघत होते. ही पोर आज तरी जेवते का, हेच बघत होते.

दिपमालाने बेसिन कुठे आहे ते विचारलं नाही. पदर घेतला नाही, तोंड वळवलं नाही. सगळ्यांच्या समोर तिने बोट तोंडात घातलं. मागची दाढ, आतली बाजू. टक्. एक साचा निघाला. टक्. दुसरा. लाळेची तार आलीच. ती तिने रुमालाने पुसली आणि डबी उघडून ताटाशेजारी ठेवली.

"त्या दिवशी हे होतं तोंडात," ती म्हणाली. "म्हणून पेढा खाता आला नाही. माझ्या मनात होतं, आबा. धुळ्याला भेटायचो आम्ही... दातांच्या निमित्ताने. तेव्हापासून होतं."

सुंदरबाईंच्या हातातली भाकरी हातातच राहिली. मग समोरून आवाज आला – टक्. योगराजने आपली डबी तिच्या डबीला लावून ठेवली. "माझ्याही," तो म्हणाला.

आबांनी चष्मा पुढे ओढला. वाकून दोन्ही डब्या पाहिल्या, आधी एक, मग दुसरी, बराच वेळ. मग त्यांनी समोरची रिकामी वाटी ओढली, तोंडात हात घातला, आणि वरची-खालची अख्खी कवळी काढून त्या डब्यांच्या शेजारी ठेवली.

"इतलंच ना?" बिनदातांच्या तोंडाने ते म्हणाले. "मी तं रोज बठ्ठा दात काढीसन ठेवस. मन्हं लगन मोडनं का?"

पहिल्यांदा नाना हसले. मग सुंदरबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या आत पळाल्या. बाहेर आल्या त्या पेढा घेऊन. फ्रीजमधला जुना पेढा दिपमालाने बरोबर आणला होता, तोच तिने पुढे केला. तो त्यांनी बघून बाजूला सारला, दगड झालाय म्हणाल्या, आणि नवा तिच्या तोंडाशी धरला. "आता मात्र नंतर खाते म्हणायचं नाही."

दिपमालाने तो तिथल्या तिथे खाल्ला.

"आणि हे ताटाशेजारचं ज्याचं त्यानं उचला," सुंदरबाई म्हणाल्या. "मी एकालाही हात लावणार नाही. कुणाचं कुणाला गेलं, तर सोयरीक पुन्हा मोडायची."

आबा आपली वाटी घाईघाईने जवळ ओढायला लागले, आणि दिपमालाला हसू फुटलं. तिच्या एका हातात भाकरी होती, दुसऱ्या हाताची बोटं शेवभाजीच्या रश्श्याने लाल झालेली. झाकायला हात नव्हता. ती तशीच हसली – मोठ्याने, तोंड उघडून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. उजवीकडचा तो सुळा अजून थोडा पुढेच उभा होता. त्याला जागेवर यायला बरेच साचे बाकी होते. कुणाचं तिकडे लक्षही नव्हतं. योगराजचं मात्र होतं, आणि त्याची शेवभाजी निवत चालली होती.