विकतचे पणजोबा

"सगळ्यात स्वस्त खाट कुठली?"

आमच्या दारात उभं राहून त्याने हे विचारलं, तेव्हा त्याच्या अंगावरून निम्म्या थालांग रस्त्याचा पाऊस वाहत होता. पाठीला पिशवी, हातात चपला. पायपुसणं मी त्याच्या पायाखाली सरकवायचं, ते माझ्याच पायाखाली सरकवून उभी राहिले.

"वरची, खिडकीजवळची," मी म्हणाले. "पण तिथे छपरातून पाऊस येतो."

"मग पाहुणा कोण? तो की मी?"

"तो जुना आहे. त्याच्याकडून आम्ही भाडं घेत नाही."

तो हसला... आणि त्याची नजर भिंतीवर अडकली. भिंतीवर नक्षीच्या चौकटीतल्या चित्रात काळा कोट घातलेले पणजोबा बसले होते. तो त्यांच्याकडे इतका वेळ बघत राहिला, की मला जरा रागच आला. मीही समोरच होते, आणि त्या दिवशी केस धुतले होते.

"हे कोण?"

"माझे पणजोबा."

इथेच सांगून टाकते, ते माझे कोणी नव्हते. सुइमावशीने सहा खाटांचं अतिथिगृह काढलं, तेव्हा भिंती ओक्याबोक्या होत्या. फुकेतच्या या जुन्या पेठेत प्रत्येक घराला इतिहास आहे. आमच्या घरात फक्त टायरचं गोदाम होतं. मग मावशीने जुन्या बाजारातून एक आरसा, दोन फुलदाण्या आणि पणजोबा आणले. स्वस्तात फिरणाऱ्यांना खाट कशीही चालते, इतिहास मात्र भरपूर लागतो. तो पुरवायचं काम माझ्याकडे होतं.

"कथिलाच्या सात खाणी होत्या त्यांच्या," मी सुरू केलं. "आणि सात बायका. खाणीला एक."

"सात?"

"आठवी वाटेत होती. बोट बुडाली."

त्याने ओठ दाबून धरले. "अरेरे. मग?"

"पोहत माहेरी परत गेली."

त्याचं नाव विसरुत. पुलापलीकडच्या ताकुआ पा गावचा. लाकडी घरांची छपरं दुरुस्त करायचा, आणि पावसात छपरावर कोणी चढत नाही म्हणून रिकामा होता. एका रात्रीसाठी आलेला हा माणूस पाचव्या दिवशीही आमच्याकडेच होता.

रोज सकाळी मी पणजोबांपुढे उदबत्ती लावायचे, चहाचा कप ठेवायचे. सुरुवात दिखाव्यासाठी झाली, कारण पाहुणे त्याचे फोटो काढायचे. पुढे सवयच लागली. विसरुत जिन्यात बसून ते बघायचा. म्हणायचा, "आज कितव्या बायकोची गोष्ट?" मी सांगायचे. दुपारी कमानींच्या आडोशाने चालत आम्ही बर्फावरची, वर गोड राजमा घातलेली थरथरती जेली खायला जायचो. वाटी एक, चमचे दोन. काटकसर म्हणून.

"उद्या जाणार?" मी वाटीतल्या राजम्याकडे बघत विचारलं.

"छपराचं बघतोय अजून."

"कुठल्या?"

"तुमच्याच... गळतंय ना."

"पाच दिवस नुसतं बघताय?"

"बघण्यासारखं आहे," तो म्हणाला, आणि माझ्या बाजूचा राजमा खाऊन टाकला.

हा माझ्यासाठी थांबलाय, असं मला वाटू लागलं होतं. माणसाला काहीही वाटू शकतं.

त्याच संध्याकाळी भुकेल्या आत्म्यांचा सण होता. चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात ज्यांचं कोणी नाही असे मेलेले लोक रस्तोरस्ती भटकतात, म्हणून आम्ही पिठाची लाल कासवं करून त्यांना जेवू घालतो. त्या दिवशी दिवाणखान्यात सगळे पाहुणे जमले होते आणि मी अगदी रंगात आले होते. पणजोबांना एक हत्तीही देऊन टाकला. तेवढ्यात एका डच बाईने विसरुतला विचारलं, "तुम्ही इकडचेच ना? हे खरं आहे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. माझा हत्ती जागच्या जागी थांबला.

"खरं आहे," तो म्हणाला. "बायका सातच. मी मोजल्यात."

सगळे हसले आणि मिरवणूक बघायला बाहेर गेले. विसरुत गेला नाही. एक कासव दोन्ही हातांनी चित्रापुढे ठेवून तो गुडघ्यांवर बसला आणि हळूच म्हणाला, "पणजोबा... उशीर झाला."

"तुमचे कशाला? माझे—" सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं.

"चौकटीच्या मागे पेन्सिलीने काढलेलं मांजर आहे," तो मागे न वळता म्हणाला. "मी दुसरीत होतो. शेपटी काढायची राहिली."

मी स्टुलावर चढले. चौकट उलटी केली. मांजर होतं, आणि शेपटी नव्हती.

मला स्टुलावरून खाली उतरवेना. ज्याचे पणजोबा, त्याच्याच समोर मी पाच दिवस त्यांची लग्नं लावत होते. वर आठवीला बुडवलं. आणि तो सगळ्यांदेखत मला सांभाळून घेत होता, हे तर त्याहून वाईट.

"पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो. तुम्ही बोट बुडवलीत." तो किंचित हसला. "दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यांच्या चहात साखर ढवळताना दिसलात. आमच्याकडे त्यांना वर्षातून दोनदा चहा मिळायचा."

"खरे कोण होते ते?"

"बंदरावर हमाल. कोट चित्रकाराचा. बायको एक, तिलाही घाबरायचे."

"घेऊन जा त्यांना," मी चित्राकडे तोंड करूनच म्हणाले. "आणि मला माफ करा."

"त्यांना विकलं कोणी, ते विचारलं नाहीत."

मी वळले. त्याची मान खाली होती.

"मी. एकोणीस वर्षांचा होतो. पिशवी घेऊन फिरायचं होतं. पणजोबांच्या जिवावर अकरा दिवस फिरलो. आजीला सांगितलं, वाळवीने खाल्लं. तेव्हापासून ती त्यांचं कासव घरात ठेवत नाही. चित्रच नाही, तर कुणापुढे ठेवणार? रस्त्यावर ठेवते, बेवारसांच्या ताटात. स्वतःच्या वडिलांचं. परत न्यायचे तर तिला खरं सांगावं लागेल. पाच दिवस तेच जमत नाहीये."

"म्हणून थांबलात?"

"पहिला दिवस त्यासाठी. बाकीचे चार..."

पुढचं विचारायला मला तोंड कुठे होतं?

दुसऱ्या सकाळी मी त्याच्याबरोबर बसमध्ये चढले. "इतिहास घेऊन निघालीस?" मावशी मागून ओरडली. "भिंतीवर नुसता खिळा राहील!" चादरीत गुंडाळलेले पणजोबा दोघांच्या मांडीवर आडवे होते. आम्ही दोघं मनातल्या मनात माफीची घोकंपट्टी करत होतो. पणजोबा तेवढे निवांत.

आजीने आधी त्याचं ऐकलं आणि त्याच्या डोक्यात एक टपली मारली. मग माझं ऐकलं. सातही बायका मला एकेक करून सांगाव्या लागल्या, हत्तीसकट. टपली मला मिळाली नाही. मिळाली असती तर बरं वाटलं असतं.

"चहा कोण द्यायचं?" तिने विचारलं.

"मी."

"साखर किती?"

"दोन चमचे."

आजी चित्राकडे बघत राहिली. "दुसरा चमचा मागायची हिंमत नव्हती बाबांची. आई ओरडायची."

ती उठून दाराबाहेर गेली. बेवारसांच्या ताटातून एक लाल कासव उचललं, आत आणलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. विसरुतने तोंड फिरवलं. मी माझ्या पायांकडे बघत बसले.

परतीच्या बसपर्यंत तो मला सोडायला आला.

"ती आठवी," तो म्हणाला, "खरंच पोहत परत गेली?"

"तसंच सांगितलंय मी."

"नको ना जाऊस परत... म्हणजे जा, पण मलाही ने. तुझं छप्पर गळतंय." पहिल्यांदाच तो मला 'तू' म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. "बाकीचे चार दिवस त्याच्यासाठी होते."

"छपरासाठी?"

"नाही गं..."

आता भिंतीवर नुसता खिळा आहे. पाहुणे विचारतात, तेव्हा मी खरं सांगते: इथे एक हमाल होता, उसन्या कोटातला, एका बायकोचा. त्यांची निराशा होते. मग वरून ठोकाठोक ऐकू येते आणि ते विचारतात, वर कोण आहे?

"त्यांचा पणतू. छप्पर दुरुस्त करतोय."

दोन दिवसांचं काम होतं. हे तिसरं वर्ष.