न्हाणीतलं उत्तर

बेळगावजवळच्या कंग्राळीतलं हे घर आम्ही घेतलं तेव्हा न्हाणीतला गॅस गिझर घराबरोबरच आला. आधीचे मालक मुलाकडे गोव्याला गेले. जाताना त्यांनी पंखे नेले, ट्यूबलाइटी नेल्या, अंगणातली तुळससुद्धा कुंडीसकट नेली. गिझर मात्र ठेवला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. भिंतीला ठोकलेली वस्तू काढून न्यायची म्हणजे व्याप असतो.

दोन खोल्या, स्वयंपाकघर, तिथून मागे जाणारा अरुंद बोळ आणि बोळाच्या टोकाला न्हाणी. भिंतीपलीकडे रताळ्यांचं शेत. न्हाणीत छातीपर्यंत पांढऱ्या फरशा आणि वर, छताजवळ, एक छोटी खिडकी. तिच्यात काच पक्की बसवून कडेनं पुट्टी भरलेली. इथलं थंडीतलं धुकं अंगात शिरतं, म्हणून कुणीतरी ती बंद केली असावी.

मी उद्यमबागेत एका फाउंड्रीत कास्टिंग तपासतो. ओतून निघालेल्या भागावर हातोडीनं हलकेच वाजवायचं आणि कान द्यायचा. भाग सलग असला तर आवाज घुमत जातो, आत तडा असला तर बसका येतो. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे जे घडलं त्यात मी काय पाहिलं याची मला खात्री नाही. काय ऐकलं याची आहे.

राहायला आलो त्याच आठवड्यात भावकूमामांना बोलावलं. मामा आईच्या नात्यातले, गॅसच्या शेगड्या आणि गिझर दुरुस्त करतात. त्यांनी झाकण काढलं, बर्नर ब्रशनं झाडला, पाणी सोडून ज्योत पाहिली.

"पिवळी हाय बघ. निळी पायजे." मग त्यांनी मान वर केली. "आणि ही काच कुणी बसवली? हवा येणार कुठनं?"

"धूर तर दिसत नाही, मामा."

"दिसत न्हाय, वास बी न्हाय, म्हणूनच तर भ्या. माणूस झोपल्यागत जातंय."

गिझर बाहेरच्या भिंतीवर न्यायचा, आत फक्त पाण्याचा नळ ठेवायचा आणि काचेच्या जागी झडपांची खिडकी करायची, असं ठरलं. गवंडी पुढच्या आठवड्यात मोकळा होणार होता. तोवर बादली भरली की गिझर बंद करायचा आणि मग अंघोळीला बसायचं.

"आणि बाहेरनं हाक मारत ऱ्हावा," मामा म्हणाले. "आतनं उत्तर आलं की माणूस बरं हाय म्हणायचं."

त्या दिवसापासून मी बोळात उभा राहून हाक मारू लागलो. "तेजू, झालं का गं?" आतून बायकोचं, तेजस्वीचं, उत्तर यायचं, "आले, आले." ती शहापूरच्या शाळेत शिकवते, सकाळी घाईत असते. उत्तर ऐकलं की मी चहाकडे वळायचो.

एकदा ती केस पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "आज हाक मारायला विसरलात वाटतं."

"मारली की. तू बोललीस."

"मी कुठं बोलले? नळाच्या आवाजात काही ऐकूसुद्धा आलं न्हाय."

मी हसलो. ती विसरली असेल.

दुसऱ्या वेळेला मी हाक मारली, उत्तर आलं, मी स्वयंपाकघरात गेलो, आणि तेजस्वी जिन्यावरून खाली आली. हातात रिकामी बादली, अंगावर अजून कालचेच कपडे. ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी न्हाणीचं दार ढकललं. आत कुणी नव्हतं, फरशी कोरडी होती. शेजारच्या घरातून आवाज आला असणार, असं मी म्हटलं. मग आठवलं, मागे शेजारच नाही. शेत आहे.

तिला मी हे सांगितलं नाही. नव्या घरात उगाच कशाला.

गवंडी येणार त्याच्या आधीच्या रविवारी तिला केस धुवायचे होते. एका बादलीत भागत नाही, म्हणून गिझर सुरूच राहिला. पाण्याचा आवाज बोळात येत होता. मी हाक मारली.

"आले, आले."

मी पेपर चाळला, पुन्हा हाक मारली.

"आले, आले."

तिसऱ्यांदा मी दाराजवळ जाऊन हाक मारली आणि उत्तराकडे नीट कान दिला. आवाज तिचाच होता. पण पहिल्या 'आले'नंतर तिनं घेतलेला श्वास, दुसऱ्या 'आले'चं किंचित वर गेलेलं टोक, तिन्ही वेळा हुबेहूब तेच होतं. एकाच कास्टिंगवर एकाच जागी हातोडी पडावी तसं. माणूस तोच शब्द दोनदा तसाच उच्चारत नाही.

मी खांद्यानं दार तोडलं.

ती भिंतीला टेकून बसली होती, मान कलंडलेली, गाल लालसर. कोमट पाणी तिच्या पायांवरून वाहत होतं. मी नळ बंद केला, तिला उचलून अंगणात आणलं, गॅस बंद केला, दारं उघडली. अंगणात तिनं एकदा मोठ्यानं श्वास घेतला. तो आवाज मला कायम लक्षात राहील, कारण तो तिचा होता.

बेळगावच्या दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, आता धोका नाही. मग त्यांनी विचारलं, किती वेळानं तुमच्या लक्षात आलं?

"लगेच. ती शेवटपर्यंत उत्तर देत होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "रक्तातलं विषारी वायूचं प्रमाण बघता ती बराच वेळ बेशुद्ध असणार. उत्तर देणं शक्य नाही."

दवाखान्यानं नियमाप्रमाणे चौकीला कळवलं होतं. एक पोलीस आला, कन्नडमध्ये तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारत राहिला. मी तेच उत्तर देत राहिलो. तेजस्वीला तर काहीच आठवत नव्हतं. केसांना शिकेकाई लावल्यापर्यंतच तिला माहीत होतं.

निपाणीहून माझ्या सासूबाई अक्काताई आणि मेहुणा ओमकार आले. ओमकार तेजस्वीचा धाकटा भाऊ, तिला आक्का म्हणतो; तंबाखूच्या वखारीत कामाला आहे. त्याच्या शर्टाला तो तिखट वास कायम असतो. दवाखान्याच्या पायरीवर तो माझ्याशेजारी बसला.

"दाजी, एक विचारू? आक्का आधीच पडली हुती म्हणत्यात. मग तुमाला उत्तर कोण देत हुतं?"

"मला माहीत नाही."

"तुमी ऐकलं म्हणता."

'म्हणता' हा शब्द त्यानं अलगद ठेवला. मी समजलो. त्याच्या जागी मी असतो तर मलाही हाच संशय आला असता. बायको आत मरते आहे आणि नवरा बाहेर पेपर वाचतो आहे. विचारलं तर सांगतो, ती बोलत होती.

अक्काताई तेजस्वीला निपाणीला घेऊन गेल्या. मला या म्हणाल्या नाहीत.

ठरल्याप्रमाणे काम झालं. गवंड्यानं काच फोडून काढली, झडपा बसवल्या. शेतावरचा वारा न्हाणीत खेळू लागला. भावकूमामांनी गिझर खोलला तेव्हा आतल्या पत्र्यांमध्ये काजळी गच्च बसली होती. ती त्यांनी खरवडली, रबरी नळी नवी घातली, गिझर बाहेरच्या भिंतीवर पत्र्याच्या छपराखाली बसवला. नळी जोडली तिथे साबणाचं पाणी लावून बघितलं, बुडबुडा आला नाही. ज्योत निळी, स्थिर.

"आता चिंता न्हाय," मामा म्हणाले आणि चहा न घेताच निघून गेले.

दुपारी ओमकार आला. त्यानं आधी गिझर पाहिला, मग झडपा, मग नवीन दार. दार त्यानं आतून लावलं, बाहेरून लावून बघितलं. बाहेरून कडी घालता येते का, हे तो तपासत होता. तो काय बघतोय ते मी बघत होतो.

"त्या दिवशी जशी हाक मारली तशी मारा," तो म्हणाला.

"आत्ता?"

"व्हय."

न्हाणी रिकामी होती. दार सताड उघडं, झडपांतून ऊन फरशीवर पडलेलं. मला लाज वाटली, तरी मी हाक मारली.

"तेजू, झालं का गं?"

काही नाही. वाऱ्यानं एक झडप वाजली.

ओमकारनं मान हलवली. त्याच्या ओठांवर जे आलं त्याला हसू म्हणता येणार नाही. तो दाराकडे तोंड करून, मला ऐकवण्यासाठीच, मोठ्यानं म्हणाला, "आक्का, झालं का?"

"आले रं, आले."

रिकाम्या न्हाणीतून. उन्हातून.

मला ती कधी 'रं' म्हणत नाही. भावाला म्हणते.

ओमकारनं खिशातून मोबाइल काढला. निपाणीला फोन लावला.

"आई, आक्का कुठाय?"

फोनमधून अक्काताईंचा आवाज मलाही ऐकू आला. "ही काय हितं, माझ्याजवळ. चहा पितीया. का रं?"

तो पुढच्या दारापर्यंत पाठ न वळवता गेला. गाडी सुरू करताना एवढंच म्हणाला, "घर इका, दाजी." त्यानंतर त्यानं माझ्यावर संशय घेतला नाही. मला मात्र त्याचं बरं वाटलं नाही. त्या आवाजानं मदत मागितली नव्हती, हे मला तेव्हाच नीट उमगलं. मी बाहेरच थांबावं, एवढंच त्याला हवं होतं.

घर विकायला काढलं. कंग्राळीत गिऱ्हाईक लवकर मिळत नाही. परीक्षा जवळ आल्या तशी तेजस्वी परत आली. शाळा सोडून किती दिवस राहणार? मी तिला सगळं सांगितलं.

"माझ्यासारखा आवाज?"

"तुझाच."

मग तिनंच ठरवलं. यापुढे कुणी हाक मारायची नाही, कुणी उत्तर द्यायचं नाही. न्हाणीचं दार किंचित उघडं, फटीत वीट. गिझर बाहेर आहे, वारा आहे, भीती कसली? आम्ही तसंच वागू लागलो. काही दिवस चांगले गेले. ती पुन्हा गाणं गुणगुणू लागली, अर्थात स्वयंपाकघरात.

काल माझी फाउंड्रीत सकाळची पाळी होती. पहाटेच गेलो, दुपारी परतलो. ती उत्तरपत्रिका तपासत बसली होती. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "अहो, सकाळी तुम्ही परत आलता का?"

"नाही. का?"

"मी न्हात होते. तुम्ही बोळात येऊन हाक मारली, झालं का गं म्हणून."

"तू बोललीस?"

"न्हाय. ठरलंय ना आपलं. तांब्यासुद्धा वाजू दिला न्हाय. नुसती बसून राहिले."

तिनं लाल पेनाचं टोपण लावलं.

"मग?"

"मग तुम्ही जरासं थांबलात. कुणाचं तरी बोलणं ऐकून घ्यावं तसं. आणि म्हणालात, 'बरं बरं. ये सावकाश.'"