कोरड्या काचेवरचा वायपर

जगातल्या मोटार कारखान्यांचं एकमत झालं असतं ना, तर माझं लग्नच झालं नसतं! इंडिकेटरची दांडी स्टिअरिंगच्या डावीकडे हवी की उजवीकडे, यावर त्या शहाण्यांचं काही केल्या जमलं नाही. त्याबद्दल त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडेच.

त्या दिवशी आमच्या काराकोल गावाच्या आभाळात औषधालाही ढग नव्हता. बेकरीतल्या नोकरीचा माझा पहिलाच आठवडा. मागे गरम नानचे ढीग, गाडीभर तो खमंग वास, आणि मी बाजाराच्या चौकात डावीकडे वळायला उभी. घोळ असा होता, की गाडी मी शिकले अपाच्या, म्हणजे माझ्या आईच्या, जपानी गाडीवर. आमचं निम्मं गाव जुन्या जपानी गाड्याच चालवतं. त्यांचं स्टिअरिंग उजवीकडे आणि इंडिकेटरही उजव्या हाताला. बेकरीची गाडी मात्र जर्मन. तिचं सगळंच उलटं, इंडिकेटर डाव्या हाताला आणि उजव्या हाताला वायपर. डोक्याला हे कळलं होतं हो, पण हाताला कोण सांगणार?

हात गेला उजवीकडे. लखलखीत उन्हात माझे वायपर खर्र... खर्र... करत कोरडी काच पुसायला लागले.

मी जीभ चावली. समोर बघते तर काय — समोरच्या निळ्या गाडीचेही वायपर चालू! तिलाही वळायचं होतं, पण कुठे ते तिच्या मालकालाच ठाऊक. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे बघतेय, आणि दोघांचे वायपर एकमेकांना टाटा करतायत. मागून भोंगे सुरू झाले.

त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. कपाळावर केसांची झुलपं, आणि डोळ्यांत नुसतं हसू.

"अहो बाई, पाऊस कधी लागला?"

"तुमच्या काचेवर पडतोय तोच! आधी ठरवा, कुठे वळायचंय ते!"

"डावीकडे!"

"मग तसं सांगायचं ना!"

"सांगतोच आहे की... वायपरनं!"

मला इतकं हसू फुटलं, की गाडी बंद पडली.

पुढच्या दुकानात मी नान उतरवत होते, तर स्वारी तिथे हजर. नाव उलार. गुराढोरांचा डॉक्टर. जन्मभर डाव्या हाताच्या इंडिकेटरची रशियन गाडी चालवली, आणि आता कुठे ही जपानी घेतली होती. म्हणजे माझ्या बरोबर उलटी गत!

"गाईच्या पोटात हात घातला तर काय कुठे आहे ते मला अचूक सापडतं," तो कुरकुरला, "पण ही मेली दांडी सापडत नाही."

"सवय होईल, बैके." आमच्याकडे मोठ्या माणसाला, थोरल्या भावाला बैके म्हणतात.

"बैके नका म्हणू हो."

"का? मोठेच दिसताय की."

"म्हणूनच नका म्हणू," तो म्हणाला आणि नान घेऊन गेला. पैसे द्यायचेही विसरला. दुसऱ्या दिवशी ते द्यायला आला, तिसऱ्या दिवशी काहीच कारण नसताना आला.

मग रोजच सकाळी चौकात गाठ पडायला लागली. हळूहळू माझा हात सुधारला, बरोबर डावीकडे जायला लागला. पण निळी गाडी दिसली, की मी मुद्दाम चुकायची. कोरड्या काचेवर एकदाच — खर्र! तिकडूनही उत्तर यायचं — खर्र! बेकरीची मालकीण कपाळाला हात लावायची. "सैकाल, वायपरची रबरं खातेस का गं तू?"

एका रविवारी तो मला सरोवराकाठी घेऊन गेला. गाडी तो चालवत होता, मी त्याच्या डावीकडे. आमच्याकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, त्यामुळे ओव्हरटेक करताना उजव्या स्टिअरिंगवाल्याला पुढच्या ट्रकचं बूड तेवढं दिसतं, समोरून कोण येतंय ते दिसत नाही. ते शेजारच्यानं वाकून बघून सांगायचं असतं. अपासाठी मी लहानपणापासून हे काम केलंय.

"जा... नको, नको, थांब! बस येतेय... हं, आता जा!"

"तुझं ऐकायची सवय लागली तर?" तो रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाला.

"लागू दे की," मी म्हटलं, आणि माझे कान तापले.

पाण्याकाठी आम्ही नान आणि जर्दाळू खाल्ले. वारा गार होता. त्याचा जर्दाळू हातातच राहिला होता.

"तलासहून, पार देशाच्या दुसऱ्या टोकाहून, बोलावणं आलंय," तो म्हणाला. "तिथे कायमची नोकरी आहे. इथलेही राहा म्हणतायत. मला... मला इथे राहायचंय. पण ते तुझ्यावर आहे, सैकाल. तू हो म्हणालीस तर आई तुझ्या घरी कानातलं घेऊन येईल."

कानातलं. आमच्याकडे होणारी सासू मुलीच्या कानात ते घालते, आणि मग ठरलं. आधी एकदा एक स्थळ आलं होतं, मुलगा चांगला होता. पण त्याच्या आईनं अट घातली, सुनेनं स्टिअरिंगला हात लावायचा नाही. ते ऐकून मी केसांनी कान झाकून घेतले होते, म्हणजे नकारच.

"मी गाडी सोडणार नाही," मी म्हणाले. आवाज उगाचच चढला.

"सोड म्हणालंय कोण? तू चालव. मी डावीकडे बसतो आणि रस्ता बघतो."

मी बोलायला तोंड उघडलं. त्यानं घाईघाईनं हात वर केले. "आत्ता नको सांगूस! हो म्हणालीस तरी मी गाडी पाण्यात घालीन, नाही म्हणालीस तरी. गुरुवारी सकाळी मी सामान भरून चौकात उभा राहतो. तुझा वायपर हलला तर मागे फिरेन. नाही हलला... तर तलास."

मला तेव्हाच हो म्हणायचं होतं, देवाशप्पथ! पण म्हटलं, थांबू दे जरा. तेवढीच मजा.

गुरुवारी उठून पडदा सारला. बाहेर बर्फ! असा दाट, की अंगणातलं सफरचंदाचं झाड दिसेना. गावातल्या झाडून सगळ्या गाड्यांचे वायपर चालू असणार. माझा हलला काय आणि न हलला काय!

चौकात पोचले. पांढऱ्या धुरळ्यात समोर निळी गाडी उभी होती, टपावर बांधलेली ट्रंक. माझे वायपर हलत होते, शेजारच्या टॅक्सीचे हलत होते, दूधवाल्याचेही हलत होते. मग सुचलं — रोज मी डावीकडे वळते, आज उजवीकडचा इंडिकेटर द्यायचा. उजवीकडे आमचं घर. त्याला कळेल!

हात वेड्यासारखा दांडीकडे गेला, अपाच्या गाडीतल्या सवयीनं, उजव्या दांडीकडे... आणि मी ती खाली ओढली.

वायपर बंद झाले.

माझे एकटीचे. अख्ख्या चौकात फक्त माझे! जे सांगायचं होतं त्याच्या अगदी उलट सांगून बसले. घाबरून हात कुठल्या कुठे जायला लागले, भोंगा वाजला, दिवे लागले. बघता बघता काच पांढरी झाली. पलीकडे एका गाडीचा आवाज झाला, दूर गेला... गेला तो. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि हमसून हमसून रडले.

तेवढ्यात काचेवर काहीतरी घासलं गेलं. मी मान वर केली. एक काळी बाही बर्फ पुसत होती. आधी हात दिसला, मग ती झुलपं, मग ते हसू. दूर गेली होती ती टॅक्सी.

मी खिडकी खाली केली. त्याच्या पापण्यांवर बर्फ होता.

"कुठे वळायचंय, बाई?"

"उजवीकडे..." मी डोळे पुसले. "घराकडे. मला इंडिकेटर द्यायचा होता. हात चुकला..."

"ठाऊक आहे."

"कसं ठाऊक?"

"अगं, 'नाही' सांगायला कुणी आपली काच आंधळी करून घेतं का? म्हटलं, हिचा हात चुकला. माझाही रोज असाच चुकतो ना... आणि हात चुकला म्हणजे ही कुठेतरी वळणार होती."

मला जे म्हणायचं होतं ते मी धड म्हटलंही नव्हतं, आणि या माणसाला ते कळलं होतं. आणखी काय मागायचं असतं हो एका बाईनं?

मागून दूधवाला ओरडला, "लग्न लागलं असेल तर गाड्या काढा!"

"उलार," मी म्हणाले. बैके नाही, नुसतं उलार. "आधी गाडी वळव. आणि आईला सांग, घरी चहा ठेवलाय."

संध्याकाळी त्याची आई आली. तिनं माझ्या कानात चांदीचं कानातलं घातलं. अपा रडत होती, आणि मी मनात सगळ्यांना रहमत, म्हणजे धन्यवाद, म्हणत होते. देवाला, त्या बर्फाला, माझ्या चुकार हातालासुद्धा.

आता ती निळी गाडी मी चालवते. उलार डावीकडे बसून "जा... थांब!" करतो. माझे हात आता दोन्ही गाड्या जाणतात. त्याच्यावर कधी चालवायची वेळ आली, की तो अजूनही चुकतो आणि भर उन्हात कोरडी काच खर्र करून पुसली जाते. मी त्याला सुधारत नाही. त्या कारखानेवाल्यांना मात्र मनातल्या मनात हात जोडते. भांडा बाबांनो, असेच भांडत राहा.