आरती होईपर्यंत

नवीन पनवेलच्या वाचनालयात एकाच पुस्तकावर दोघांचे हात पडले, आणि समृद्धीनं आपला हात चटका बसल्यासारखा मागे घेतला. एका नटीचं आत्मचरित्र होतं ते... मुलगा म्हणून वाढवलेली, बाई म्हणून जगायला निघालेली आणि पुढे पडद्यावर गाजलेली.

"घ्या तुम्हीच," तो म्हणाला. "मी नुसते फोटो बघणार होतो."

"खांद्यावर तबला दिसतोय. वाचताही येतं... की नुसतं बडवता?"

तो खळखळून हसला. नाव गुरुदत्त, राहायला करंजाड्यात. आणि देवाची करणी बघा, त्याच आठवड्यात कुमुदताईंच्या कीर्तनाला साथीला तोच! पेटीवर समृद्धी, तबल्यावर गुरुदत्त.

मग प्रत्येक कीर्तनानंतर तो तिची पेटी रिक्षापर्यंत उचलून नेऊ लागला. "पेटीपेक्षा तुझा रुसवा जड आहे हं," म्हणायचा. ती हसायची, आणि हसता हसता आतून थिजायची. त्या नटीची गोष्ट तिचीही होती, आणि पनवेलात ते एकट्या कुमुदताईंना ठाऊक होतं.

एके दिवशी त्यानं विचारलंच, "आईला घेऊन येऊ... तुला बघायला?"

तिनं ते पुस्तक त्याच्या हातात ठेवलं. "आधी हे वाच. यातलं गाजणं सोड. बाकी ही मीच आहे." आणि त्याच्या तोंडाकडे न बघता ती चालू लागली.

त्यानंतर फोन नाही की निरोप नाही.

नवरात्रातल्या कीर्तनाला तो आला तोच उशिरा. पुस्तक पेटीशेजारी ठेवून म्हणाला, "वाचलं."

"मग?"

तेवढ्यात कुमुदताई झांजा घेऊन नारदाच्या गादीवर उभ्या राहिल्या. आता आरती होईपर्यंत साथीदारांनी जागचं हलायचं नाही. देवाच्या दारातली ही शिस्त समृद्धीला एरवी किती प्रिय! आज ती तिच्या जिवावर आली.

पुस्तक परत केलं, म्हणजे सगळंच परत केलं का? पुढच्या रांगेतल्या बायका कुजबुजतायत, त्या आपल्याबद्दल? नटीनं लिहिलं होतं, टाळ्यांचा कडकडाट चालू असतानाही माझी नजर दाराकडेच असायची, कोण उठून जातंय म्हणून. समृद्धीची नजर तबल्यावर होती. मध्यंतरात कपाळाला बुक्का लागला तेव्हाही गुरुदत्तनं मान वर केली नाही. आणि उत्तररंगात, ऐन आख्यानात, त्याचा ठेका चुकला. तो कधी चुकत नसे. तिची बोटं गार पडली.

आरती झाली, मंडप रिकामा होऊ लागला. तो जवळ येऊन बसला.

"मला भीती वाटते समृद्धी. लोकांची... आईची."

"मग जा ना. अडवलंय कोणी?"

"पळून जाईन म्हणूनच तर ऐन कीर्तन सुरू होताना 'वाचलं' म्हणालो. तिथून मला उठताच येणार नाही, एवढं ठाऊक होतं. बसून बसून एवढं कळलं... तू नसण्याची भीती सगळ्यात मोठी आहे."

तिच्या डोळ्यांसमोरच्या समया धूसर झाल्या.

"आईला काय सांगणार?"

"तू म्हणशील तेव्हा, म्हणशील तेवढंच. आणि दोघांनी मिळून." त्यानं तिचा हात हातात घेतला. "अगं, किती गार पडलाय हा!"

"तुझा काय वेगळा आहे?" ती म्हणाली... पण हात मात्र तिनं सोडवून घेतला नाही.