प्लेटभर पोहे आणि चार मिनिटांचं आकाश

"तीनदा!" रोनक कुजबुजला. "चौदा पायऱ्या, आणि दादाजी तीनदा थांबले!"

"हळू बोल रे!" प्रियल भावाला म्हणाली. थांबे तिनेही मोजले होते आणि तिला ते मुळीच आवडले नव्हते.

सावद्यात मे महिना नुसता पेटला होता. खाली कापडाचं दुकान, वर घर आणि मधे त्या चौदा पायऱ्या. पुखराज दादाजी पन्नास वर्षं गल्ल्यावर बसून समोरची एकच भिंत बघत आले होते. त्यातून यंदा त्यांचं वर्षीतप चाललेलं, एक दिवस जेवण, एक दिवस उपास. उपासाच्या दिवशी उकळलेलं पाणी, तेही सूर्य मावळेपर्यंतच. आणि अशा माणसाला अंतराळात जायचं होतं!

एक खासगी कंपनी तिकिटं विकत होती. रॉकेट शंभर किलोमीटर वर जाणार, चार मिनिटं माणसं वजनाविना तरंगणार, खिडकीतून पृथ्वी बघणार आणि खाली येणार. दादाजींचं उड्डाण पुढच्या वर्षी, पारणं झाल्यावर. सही आज संध्याकाळी. कागदावर लिहिलं होतं, 'माझी तपासणी झाली आहे, प्रकृतीची जबाबदारी माझी.'

"वर जाताना छातीवर आपल्या चौपट वजन पडतं," मयुरी म्हणाली. ती केळीवाल्या जीवराम पाटलांची मुलगी, प्रियलची मैत्रीण. "व माय! तुझ्या दादाजींना तर जिना चढवू नाही राह्यला!"

"पण कंपनीच्या तपासणी शिबिराच्या रिपोर्टात 'हृदय उत्तम' लिहिलंय," रोनक म्हणाला.

दादाजींना इंग्रजी वाचता येत नव्हतं. प्रियलने दहा पानं पुन्हा उलटली. डोळे जड झाले होते, पंखा गरम वारा फेकत होता. चौथ्या पानावर ती थांबली. 'रक्तातील साखर, जेवणानंतर दोन तासांनी. अकरा मे.'

ती धावत स्वयंपाकघरात गेली. राजकुंवर दादीसा उपासाच्या दिवसांवर कॅलेंडरात लाल टिंब काढत. अकरा तारखेवर टिंब होतं!

"उपास होता! मग जेवण कुठलं?" मयुरी ओरडली.

प्रियल रिपोर्ट घेऊन वडिलांकडे गेली. अमनशेठ सकाळपासून कापडाची ठाणं उचलून थकले होते. "टायपिंगची चूक असेल गं. ते किती खूश आहेत बघ. आता काही काढू नकोस."

दादाजी खरंच खूश होते, आणि त्याचंच प्रियलला वाईट वाटत होतं. त्यांचं एकुलतं एक स्वप्न आपणच मोडायचं? पण ते रॉकेटमध्येच कोसळले तर? ती जिन्यात रोनक आणि मयुरीजवळ येऊन बसली.

"आपण बोललो तर चूकच म्हणतील," शेवटी ती म्हणाली. "सही घ्यायला येणाऱ्या माणसालाच बोलू दे! मयुरी, तुमच्या मळ्यातली केळी आण."

संध्याकाळी कंपनीचा माणूस हितेंद्र धुळ्याहून आला. शर्ट घामाने भिजलेला, चेहरा उतरलेला. दादाजींनी पेन उघडलं.

"केळी घ्या ना काका!" मयुरीने ताटली पुढे केली. "शिबिरातही देत होते का हो खायला?"

"देतो म्हणजे!" हितेंद्र केळं सोलत म्हणाला. "नाश्त्याशिवाय साखरेची दुसरी तपासणी होते का? दादाजींना मी स्वतः वाढलं. प्लेटभर पोहे आणि दोन केळी!"

"अकरा तारखेला?" प्रियलने विचारलं.

"अकरालाच! पोहे तर त्यांना फार आवडले!"

दादीसांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. अमनशेठ उभे राहिले. रोनकने कॅलेंडर आणून मधोमध ठेवलं.

दादाजींनी सावकाश पेनचं टोपण लावलं. "हितेंद्रभाऊ, त्या दिवशी मी फक्त पाणी प्यायलो. तुम्ही माझं वजन केलंत, बोटाला एक सुई टोचलीत आणि फोटो काढलात. बाकीची नऊ पानं कुठून आली?"

हितेंद्रने केळं ताटलीत परत ठेवलं. "डॉक्टर आलेच नाहीत हो," तो पुटपुटला. "दिवसाला तीस जणांची तपासणी दाखवायची असते. आकडे मी खोलीवर बसून भरले. त्या दिवशीच्या सगळ्यांचेच."

"मग त्या सगळ्यांना आत्ताच्या आत्ता फोन लावा!" अमनशेठ कडाडले. त्याच्याकडून एकोणतीस फोन करवूनच त्यांनी त्याला सोडलं, आणि कंपनीला तक्रार धाडली.

जळगावच्या डॉक्टरांनी दादाजींना तपासलं तेव्हा हृदयाची एक नळी जवळजवळ बंद होती. "हे वर गेले असते तर परत आले नसते," ते म्हणाले. "कुणाच्या लक्षात आलं हे?" तिघांची नावं कळल्यावर त्यांनी प्रत्येकाशी हात मिळवला. अमनशेठ म्हणाले, "शाबास! मी ऐकायला हवं होतं." प्रियलला मात्र हसू आलं नाही. दादाजींना तप सोडावं लागलं होतं आणि घरी आल्यापासून ते भिंतीकडे तोंड करून पडून असत.

नळी मोकळी झाली. जूनमध्ये डॉक्टर 'हिंडा-फिरा' म्हणाले, तेव्हा अमनशेठनी भरदिवसा दुकानाला कुलूप लावलं आणि मयुरीसकट सगळ्यांना गाडीतून सातपुड्यातल्या पाल गावाला नेलं. डोंगराच्या कडेला दादाजी बसले. खाली केळीचे हिरवे पट्टे थेट तापीपर्यंत पसरले होते.

"दादाजी, रागावलात माझ्यावर?" प्रियलने विचारलं.

"दमलोय बेटा. पन्नास वर्षांचं दमणं आहे, जायला वेळ लागेल." त्यांनी तिला जवळ ओढलं. "तो रॉकेटवाला चार मिनिटं देत होता. इथे किती वेळ बसता येतं?"

"कितीही!" तिघं एकदम ओरडली.

"मग बसू," दादाजी म्हणाले आणि त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या.