शून्य वापर

बिल आलं तेव्हा ती लेकीची, चिमणीची, लोकरीची टोपी शोधत होती, त्यामुळे पाकीट चपलांच्या कपाटावर तसंच पडून राहिलं. टोपी सोफ्याच्या मागे सापडली, चिमणी कुरकुरत का होईना झोपली, आणि मग चहाचा कप घेऊन तिनं पाकीट फोडलं. गॅसचं बिल. तिला हसूच आलं. या घरात गॅस होता कुठे?

स्वयंपाक विजेच्या शेगडीवर, अंघोळीचं पाणीही विजेवर. घर बघतानाच तिनं नवऱ्याला बजावून सांगितलं होतं, जाळ नको, धूर नको. चिमणी दिवस भरायच्या आधीच जन्मलेली, छाती नाजूक. जुन्या घरात तिला धाप लागली की वाफेचं मशीन घरघरत बसायचं आणि ही शेजारी तिच्या नाकाखाली हाताची पाठ धरून. हे घर कोरडं, उन्हाचं. केवळ त्यासाठी दोघांनी ऐपतीबाहेरचं भाडं कबूल केलं होतं. आणि घर मानवलं म्हणायचं, कारण इथे आल्यापासून मशीन माळ्यावरून खाली उतरलं नव्हतं.

मागच्या गॅलरीत जुन्या भाडेकरूंच्या वेळचा गॅसचा मीटर भिंतीला होता, हे खरं. पण त्यातून स्वयंपाकघराकडे जाणारा पाइप वीतभर अंतरावर कापलेला होता आणि त्याच्या तोंडाला पितळेचं बूच घट्ट बसवलेलं होतं. मीटरची काच तडकलेली. गॅलरीत ती कपडे वाळत घालायची, एवढाच काय तो तिचा मीटरशी संबंध.

"चुकून आलं असेल. भरून टाक, मिटव," नवरा म्हणाला.

"न वापरलेल्याचं का भरायचं?"

"बरं बाई, भांड. तेवढाच मला आराम."

त्यानं चेष्टेवारी नेलं, पण तिच्या मनात वेगळीच पाल चुकचुकत होती. मीटर पुढे गेला म्हणजे गॅस कुठेतरी जात होता. गॅलरीचं दार चिमणीच्या पलंगाला लागूनच. आणि तिची ती छाती.

ग्राहक सेवेतल्या बाईंचा आवाज गोड होता, पण ताकास तूर लागू देत नव्हता.

"वापर झालाय मॅडम. आकडे सरकलेत."

"अहो, पण घरात गॅसची शेगडीच नाही."

"मग हीटर असेल."

"तोही नाही."

"घरातलं दुसरं कुणी वापरत असेल."

"घरात आम्ही तिघं. तिसरीचा हात अजून ओट्यापर्यंतही पोचत नाही."

पलीकडे कळफलक खडखडला. मग बाई म्हणाल्या, "मीटरवर जरा लक्ष ठेवा. माणूस पाठवते."

लक्ष ठेवण्याबाबत तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. नवरा तिला पहारेकरीच म्हणायचा. दुपारी चिमणी झोपली की ती गॅलरीत स्टूल टाकून बसू लागली. तडकलेल्या काचेमागे पांढरे आकडे, आणि शेवटी एक लाल चाक. चाक फिरत होतं. सलग नाही, जरा सरकायचं, जरा थांबायचं, पुन्हा सरकायचं. तिनं भिंतीला नाक लावून पाहिलं. वास नव्हता. ओल्या कपड्यांचा काय तो साबणी वास, बाकी काही नाही.

एकदा चिमणीला खोकल्याची उबळ आली म्हणून ती उठली. उठता उठता नजर गेली, तर चाक झटक्याझटक्यानं पुढे पळत होतं. खोकला थांबला. चाक पुन्हा संथ. वारा आला असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. बंद डब्यातल्या चाकाला वारा कसा लागेल, हे मात्र स्वतःला विचारलं नाही.

फिटर आला तोही दुपारीच. जाडजूड, हसतमुख, पायऱ्या चढून घामाघूम. चिमणी नुकतीच झोपली होती, तेव्हा तिनं ओठांवर बोट ठेवूनच दार उघडलं. तोही शहाण्यासारखा चवड्यांवर चालत गॅलरीत गेला.

"बूच तर पक्कं आहे, ताई," तो हळू आवाजात म्हणाला. "गळती असली तर फेस सांगेल."

त्यानं बाटलीतलं साबणाचं पाणी ब्रशनं बुचावर फासलं. दोघं वाकून पाहू लागले. फेसात एक बुडबुडा आला. वाटाण्याएवढा झाला, बोराएवढा झाला. आणि न फुटता हळूहळू लहान होत फेसातच मिटला. मग पुन्हा वर आला.

"असं होतं का?" तिनं विचारलं.

"गळती असली की बुडबुडा फुटतो. हा आत जातोय." त्यानं मान खाजवली. "मीटरलाच दम लागलेला दिसतोय, ताई." आपल्याच विनोदावर तो हसला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "जाऊ दे. बिघडलेलाच आहे, तर आता काढूनच नेतो. तुमची कटकट कायमची मिटली."

त्यानं पाना लावला आणि मीटरखालचा कॉक फिरवला.

लाल चाक थांबलं. बुडबुडा मिटला तो वर आला नाही. एवढे दिवस चाललेली झटापट आपण जिंकलो, या समाधानात तिनं सुस्कारा सोडला. खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. मग तेही शांत झालं.

फारच शांत झालं.

झोपेत चिमणीचं नाक बारीक शीळ घालायचं. इतरांना ते ऐकूसुद्धा यायचं नाही. तिला मात्र घरात कुठेही असलं तरी ऐकू यायचं. आत्ता येत नव्हतं.

ती आत धावली.

चिमणी उताणी. ओठ राखाडी. तिनं नाकाखाली हाताची पाठ धरली.

काही नाही.

तिनं तिला उचललं, पाठीवर थोपटलं, नाव घेऊन हाका मारल्या. छाती हलली नाही.

"उघडा!" ती ओरडली. "कॉक उघडा!"

हे शब्द तोंडात कुठून आले, ते तिला कधीच सांगता आलं नसतं.

गॅलरीत पाना खणकला.

चिमणीनं श्वास घेतला. मग दुसरा. ओठांवर रंग आला. जागीसुद्धा न होता तिनं आईच्या खांद्यावर गाल घासला आणि नाकाची शीळ पुन्हा सुरू झाली.

फिटर दारात उभा होता. "ताई, काय झालं? मी काही पाडलं का?"

"नाही. तो मीटर राहू द्या."

"अहो, बिघडलाय. तक्रार तुमचीच ना?"

"चांगला आहे तो. राहू द्या म्हणते ना."

त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा स्वयंपाकघरातल्या विजेच्या शेगडीकडे. मग बुचावरचा फेस फडक्यानं पुसला, हत्यारं पिशवीत भरली आणि आला होता तसाच चवड्यांवर चालत निघून गेला.

ती चिमणीला घेऊन तडक डॉक्टरांकडे गेली. त्यांनी छाती मागून-पुढून ऐकली, बोटं दाबून पाहिली. "ठणठणीत आहे. अशी छाती मला रोज ऐकायला मिळाली तर मी दवाखाना बंद करेन. तुम्हीच जरा झोप घ्या."

घरी येऊन तिनं पलंग असा सरकवला की चिमणीच्या पाठीवर हात ठेवून बसलं तरी उघड्या दारातून मीटर दिसावा. पाठ वर आली, चाक सरकलं. पाठ खाली गेली, चाक थांबलं. ती बराच वेळ बसून राहिली. मग उठून गॅलरीच्या कॉकला जुन्या ओढणीची चिंधी करकचून बांधली, म्हणजे कुणी सहज फिरवू नये.

पुढच्याच आठवड्यात फोन आला.

"आनंदाची बातमी, मॅडम," तोच गोड आवाज. "तक्रार मान्य झाली. बिल रद्द. मीटर काढायला माणूस येतोय."

"नको. पाठवू नका."

"म्हणजे?"

"वापर आमचाच आहे."

"पण मॅडम, तुम्हीच म्हणाला होतात, शेगडी नाही, हीटर नाही. रोज फोन करून आमच्या नाकी नऊ आणलेत."

"चूक झाली माझी. बिल भरते. पण मीटर काढू नका. कॉकलाही कुणी हात लावायचा नाही."

"कशासाठी वापरता, तेवढं सांगा. लिहावं लागतं."

तिनं पलंगाकडे पाहिलं. "झोपताना लागतो."

"म्हणजे हीटर."

"हो. हीटर."

"बघा, आधीच सांगितलं असतंत तर!" बाई मनापासून खूश झाल्या.

नवऱ्यानं कपाळाला हात लावला. "एवढं भांडलीस आणि शेवटी भरलंस?"

"जाऊ दे. किती ते," ती म्हणाली. त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. पहारा आता भिंतीपर्यंत पोचला का, असं म्हणाला असता.

आणि खरं सांगायचं तर तिला बरंच वाटू लागलं होतं. इतकी वर्षं हाताची पाठ पुढे करून जे चाचपडत होती, ते आता भिंतीवर दिसत होतं. नाकाखाली हात धरणं तिनं सोडून दिलं. भाजी चिरता चिरता मान वळवली की पुरे.

त्या रविवारी नवरा चिमणीला घेऊन सासूबाईंकडे गेला. पहिल्यांदाच ती मागे एकटी राहिली. दुपारी कपडे वाळत घालताना तिनं मीटरकडे पाहिलं. चाक संथ, एका लयीत फिरत होतं. इतक्या लांबूनही कळत होतं. आजीच्या मांडीवर झोपली असेल. गाढ झोपली असेल. तिचा जीव भांड्यात पडला. तोंडात चिमटे धरून ती हलकेच गुणगुणू लागली.

बेल वाजली. ती दार उघडायला गेली.

"घे तुझं पात्र," नवरा दमून म्हणाला. "दुपारभर डोळ्याला डोळा नाही. आईनं थोपटून थोपटून हात टेकले. वर जिनाही हिनंच चढायचा, तोही पळत."

चिमणी लालबुंद झाली होती, धापा टाकत होती, खिदळत होती. बूट न काढताच ती आईच्या पायांमधून निसटली आणि आत धावली. तिच्या धापांचा आवाज सगळ्या घरात भरला. आई तिच्या मागोमाग गॅलरीच्या दाराशी आली.

लाल चाक संथ फिरत होतं. जरा सरकत होतं, जरा थांबत होतं. अगदी गाढ झोपेतल्यासारखं.

आईनं नकळत तोंड उघडलं. तेवढ्यात चिमणीनं खिदळणं थांबवलं. तिनं मीटरकडे पाहिलं, मग आईकडे वळून आपल्या ओठांवर बोट ठेवलं.

"शू," ती म्हणाली.

आणि आईचं बोट धरून, चवड्यांवर चालत, तिनं तिला दारापासून आत आणलं आणि आवाज होणार नाही अशा बेतानं दार लोटून घेतलं.